चोथा, तांबं आणि वाळू

साखर कारखाना आणि फाउंड्री. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हजारो घरांच्या चुली या दोन धंद्यांवर पेटतात. हंगामात कुठल्याही दिशेला निघा, उसाच्या ट्रॉल्यांमागे थांबावंच लागतं. शिरोलीत, गोकुळ शिरगावात, उद्यमनगरात लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रींच्या भट्ट्या चालू असतात. कितीतरी घरांत थोरला शेती बघतो आणि धाकटा एमआयडीसीत कामाला जातो. तरी या दोन धंद्यांना थेट जोडणारा एक रेणू आहे, हे इथं फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्याचं नाव फुरफुराल.

ऊस गाळून झाला की उरतो तो चोथा. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात आणि तो बॉयलरला जातो, त्यावर वाफ आणि वीज होते. गुऱ्हाळावर तीच चिपाडं वाळवून चुलवाणात घालतात. या चोथ्यात पाव भागाच्या आसपास हेमिसेल्युलोज असतं, म्हणजे मुख्यतः पाच कार्बनांच्या झायलोज या साखरेची साखळी. आम्ल आणि दाबाखालची वाफ दिली की साखळी तुटते, सुटलेल्या झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि फुरफुराल उरतं. ताजं असताना फिकट, बदामासारख्या वासाचं. हवेत ठेवलं की काळवंडत जातं.

या फुरफुरालला हायड्रोजनचा एक रेणू जोडला की फुरफुरिल अल्कोहोल होतं. त्यापासून वाळू बांधणारी जी राळ होते तिला आपल्या फाउंड्रीत फ्युरान रेझिन म्हणतात. मोठ्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, साचा करताना वाळूत वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास हे रेझिन घालतात, वर आम्लाचा हार्डनर, आणि वाळू न भाजता, नुसती ठेवून, दगडासारखी होते. जगात बनणाऱ्या फुरफुरालचा सर्वांत मोठा वाटा या अल्कोहोलकडे जातो आणि अल्कोहोलचा मोठा वाटा फाउंड्रीकडे. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीनं १९२० च्या दशकात ओटच्या टरफलांपासून फुरफुराल काढायला सुरुवात केली. आज चीनमध्ये ते मक्याच्या कणसांच्या बुरकुंड्यांपासून काढतात, आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या ला रोमाना इथं चक्क उसाच्या चोथ्यापासून. म्हणजे शिरोळच्या फडातला कार्बन दोन पायऱ्या चढून शिरोलीच्या मोल्डिंग शॉपमध्ये वाळूचे कण धरून बसू शकतो. मधे फक्त रसायनशास्त्र आहे.

त्यातली दुसरी पायरी, फुरफुरालला हायड्रोजन जोडण्याची, हा माझ्या आस्थेचा विषय आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षं माझा बराचसा वेळ तांब्याच्या पृष्ठभागावर हा एक रेणू कसा बसतो ते संगणकावर बघण्यात जातो.

या पायरीला उत्प्रेरक लागतो, म्हणजे क्रिया वेगानं घडवून आणणारा पण स्वतः न संपणारा पदार्थ. उद्योगात दीर्घकाळ चालत आलेला उत्प्रेरक म्हणजे कॉपर क्रोमाइट, तांबं आणि क्रोमियम यांचं ऑक्साइड. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात होमर अ‍ॅडकिन्स यांनी १९३० च्या दशकात त्याला नावारूपाला आणलं. काम उत्तम करतो. त्यात खरं काम तांबं करतं. क्रोमियम तांब्याचे बारीक कण उष्णतेनं एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाही. पण क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप विषारी आणि कर्करोगकारक आहे, आणि उत्प्रेरक बनवताना किंवा थकलेल्या उत्प्रेरकाची विल्हेवाट लावताना ते कुठं जाणार हा प्रश्न उरतोच. असा कारखाना उद्या आपल्याकडं उभा राहावा असं मला मनापासून वाटतं. मात्र त्याचं सांडपाणी शेवटी ज्या खोऱ्यात उतरणार ते पंचगंगेचं खोरं आहे. काळं पाणी आणि मेलेले मासे या नदीनं पुरेसे बघितलेत. त्यामुळं क्रोमियम नसलेला उत्प्रेरक शोधणं हे माझ्या दृष्टीनं निव्वळ अभ्यासाचं कोडं नाही.

इथं एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. फुरफुरालचा शोध ज्याच्या नावावर आहे तो जर्मनीतल्या येना इथला योहान डोबरायनर. त्यानं १८३२ साली त्याबद्दल लिहिलं. याच माणसानं १८२३ साली दाखवून दिलं होतं की प्लॅटिनमच्या भुकटीवर हायड्रोजनचा झोत सोडला तर तो हवेत आपोआप पेट घेतो, आणि प्लॅटिनम मात्र जसंच्या तसं राहतं. त्यावर त्यानं दिवाही बनवला. काडेपेटी घरोघरी येण्याआधीच्या काळात तो खूप खपला. पुढं १८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं अशा क्रियांना 'कॅटॅलिसिस', म्हणजे उत्प्रेरण, असं एकत्र नाव दिलं, त्यात डोबरायनरचं हे निरीक्षण होतं. म्हणजे आमचा रेणू आणि आमचं शास्त्र एकाच प्रयोगशाळेतून निघालेलं आहे.

माझे मामा शिरोलीत मोल्डिंगला होते, आता निवृत्त आहेत. एकदा घरी आले असताना माझ्या पडद्यावर तांब्याचे नारिंगी गोळे आणि त्यावर टेकलेला फुरफुरालचा रेणू त्यांना दिसला.

"ह्ये काय गं?"

"फ्युरानच्या आधीचा माल आहे मामा. तांब्यावर किती घट्ट बसतोय ते बघते."

"घट्ट बसून कसं चालंल? सुटाय नको व्हय?"

मग त्यांनी रेझिनचं सांगितलं. वितळलेलं लोखंड ओतताना वाळूनं धरलं पाहिजे, नाहीतर ती धातूबरोबर वाहून जाते आणि कास्टिंगमध्ये खड्डे पडतात. पण धातू थंड झाला की नॉकआउटला, म्हणजे साचा फोडताना, तीच वाळू भसकन सुटली पाहिजे. कोअर, म्हणजे पोकळीसाठी आत ठेवलेला वाळूचा गाभा, अडकून बसला तर माणूस छिन्नी घेऊन दिवसभर ठोकत बसतो. "धरावं बी आणि सोडावं बी. त्येलाच चांगलं रेझिन म्हणायचं."

फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्प्रेरकांबद्दल जे सांगितलं ते याहून वेगळं नाही. धातूच्या बारीक कणांवर सेंद्रिय पदार्थांना हायड्रोजन जोडण्याच्या कामासाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. पृष्ठभागानं रेणू फार सैल धरला तर काहीच घडत नाही. फार घट्ट धरला तर तयार झालेला माल तिथून हलत नाही आणि जागा अडून राहते. वेगवेगळ्या धातूंची पकड आडव्या अक्षावर आणि क्रियेचा वेग उभ्यावर मांडला की डोंगराचा आकार मिळतो. शिखर मधेच कुठंतरी असतं. उत्प्रेरक शोधायचा म्हणजे ते शिखर शोधायचं.

पूर्वी ते कसं शोधत? हाताने, एकेक करून. ज्याच्यावर आपला ऊस उभा आहे तो युरिया अमोनियापासून होतो, आणि अमोनियाचा इतिहास यासाठी वाचण्यासारखा आहे. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली ऑस्मियम वापरून नायट्रोजन आणि हायड्रोजनचा अमोनिया करून दाखवला. ऑस्मियम जगातच मोजकं. मग जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीत आल्विन मिट्टाश यांनी छोट्या छोट्या नळ्यांची रांग लावली आणि दिसेल ते घालून बघायला सुरुवात केली. पहिल्या काही वर्षांत सुमारे अडीच हजार मिश्रणं आणि साडेसहा हजारांच्या आसपास चाचण्या. स्वीडनच्या खाणीतल्या एका लोहखनिजानं अनपेक्षितपणे चांगलं काम केलं, आणि त्यातल्या अशुद्धीच मदत करत होत्या हे लक्षात आलं. त्यातून लोखंड, थोडं अ‍ॅल्युमिना, थोडं पोटॅश हे मिश्रण ठरलं. १९१३ मध्ये ओप्पाउ इथं कारखाना सुरू झाला. आजही जगातले बहुतेक अमोनिया कारखाने त्याच घराण्यातलं लोखंड वापरतात. ते लोखंड नेमकं कसं काम करतं, नायट्रोजनचा तिहेरी बंध पृष्ठभागावर तुटणं हीच सर्वांत अवघड पायरी कशी, हे गेर्हार्ड एर्टल यांनी पायरी-पायरीनं उलगडलं. त्यांना नोबेल मिळालं २००७ साली. उत्तर आधी सापडलं, कारण कित्येक दशकांनंतर.

मिट्टाशच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. पण त्याची वाट सगळ्यांना परवडणारी नाही. उत्प्रेरकात कामाला येऊ शकतील असे तीस धातू धरले तर दोन-दोनच्या जोड्या ४३५ होतात आणि तीन-तीनच्या ४,०६०. प्रत्येकात प्रमाणं वेगळी, कणांचे आकार वेगळे, स्फटिकाच्या बाजू वेगळ्या. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजनं हे प्रयोगशाळेत करायचं म्हटलं तर रसायनांचा खर्चच झेपणार नाही. संगणकाचं गणित इथं उपयोगी पडतं, आणि माझ्या मते ते उत्तर सांगण्यापेक्षा काय सोडून द्यायचं हे सांगण्यात जास्त उपयोगी आहे.

हे गणित म्हणजे काय? इलेक्ट्रॉनांचं वागणं ठरवणारं समीकरण श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलं. अडचण समीकरणाची नाही, आकाराची आहे. फुरफुरालच्या एका रेणूत ५० इलेक्ट्रॉन असतात. त्याखाली तांब्याच्या ६४ अणूंची लादी घेतली तर प्रत्येकी २९ प्रमाणे १,८५६ इलेक्ट्रॉन आणखी. प्रत्येकाच्या जागेला तीन आकडे, म्हणजे एकूण ५,७१८ चलांचं एकच फलन. ते साठवून ठेवायलाही जगातला कुठलाच संगणक पुरणार नाही. १९६४ साली वॉल्टर कोन आणि पिएर होहेनबर्ग यांनी सिद्ध केलं की एवढं सगळं कळण्याची गरजच नाही. अवकाशात कुठल्या बिंदूला इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे एवढं कळलं तरी ऊर्जा ठरते. आणि दाटी ही फक्त तीन चलांवर अवलंबून असते. पुढच्या वर्षी कोन आणि शाम यांनी ते प्रत्यक्षात कसं सोडवायचं याची रीत दिली. याला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात, आम्ही नुसतं डीएफटी. कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पदवीच्या मुलांना शिकवताना या जागी मी दरवेळी थांबते. ५,७१८ वरून तीनवर येणं यासारखी सुंदर गोष्ट मला आमच्या विषयात दुसरी दिसलेली नाही.

आता तांब्याकडं येते. फुरफुरालच्या रेणूला दोन भाग आहेत: पाच अणूंचं एक कडं आणि त्याला जोडलेला अल्डिहाइडचा, म्हणजे टोकाला ऑक्सिजन असलेल्या कार्बनचा, हात. आपल्याला हायड्रोजन हवा आहे तो हाताला. कड्याला लागला तर माल बिघडला. पॅलेडियमवर हा रेणू ठेवला तर गणित सांगतं की तो आडवा पडतो, कडं आणि हात दोन्ही धातूला चिकटतात. मग हातच तुटून कार्बन मोनॉक्साइड होऊन जातो आणि उरतं साधं फ्युरान. तांब्यावर तसं होत नाही. तांब्याचे डी-कक्षेतले इलेक्ट्रॉन भरलेले असल्यानं कड्याला ते दूर लोटतात. रेणू उभा राहतो आणि हाताच्या टोकाचा ऑक्सिजन तेवढा टेकवतो. हायड्रोजन जिथं लागायला हवा तिथंच लागतो. तांब्यावर फुरफुरिल अल्कोहोलच का मिळतं हे कारखान्यातल्या माणसाला दशकानुदशकं अनुभवानं माहीत होतं. त्यामागचं कारण पडद्यावर उभं राहताना बघणं ही वेगळीच गोष्ट आहे. एका विद्यार्थिनीनं रेणू मुद्दाम आडवा ठेवून गणित सुरू केलं, आणि पायरीपायरीनं तो आपणहून कलत कलत उठला. ती बराच वेळ तेच पुन्हा पुन्हा चालवून बघत होती.

तांब्याची एक कमजोरी आहे. हायड्रोजनचा रेणू फोडून त्याचे अणू करायला ते आळशी आहे. पॅलेडियम त्यात पटाईत. मग तांब्यात पॅलेडियमचे सुटे सुटे अणू पेरले तर? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या गटानं २०१२ साली हेच दाखवलं: एकटा पॅलेडियमचा अणू हायड्रोजन फोडतो आणि सुटलेले अणू शेजारच्या तांब्यावर सरकतात. पॅलेडियमचे अणू जवळजवळ नसल्यानं मोठ्या रेणूला आडवं पडायला जागा मिळत नाही. अशाच कल्पनेतून २०२१ साली आधी गणित आणि मग प्रयोग या क्रमानं, तांब्यातला ऱ्होडियमचा एकटा अणू प्रोपेनमधून हायड्रोजन काढायला चांगला, हे दाखवलं गेलं. आणि अमोनियासाठीही हे आधी घडलेलं आहे: मॉलिब्डेनम नायट्रोजनला फार घट्ट धरतं, कोबाल्ट फार सैल, तेव्हा दोघांचं मिश्रण शिखराजवळ यायला हवं असं डेन्मार्कमधल्या गटानं गणितावरून म्हटलं आणि २००१ साली प्रयोगात ते मिश्रण लोखंडाहून सरस निघालं. तरी कारखान्यांनी लोखंड सोडलं नाही. किंमत, टिकाऊपणा, सवय, सगळं मोजावं लागतं.

या गणितावर किती विसंबायचं, हे मला मोकळेपणानं सांगायला आवडतं. डीएफटीतून मिळणाऱ्या पकडीच्या ऊर्जेत ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतची (हे अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) चूक नेहमीची आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वेग ऊर्जेवर घातांकानं अवलंबून असतो. खोलीच्या तापमानाला एवढ्या फरकानं वेग दोन हजारांहून अधिक पटींनी चुकतो, आणि १८० अंशांवरसुद्धा दीडशे पटींहून जास्त. तापमानाचं हेच नातं मामांना हातानं माहीत आहे: थंडीत वाळू गार असली की हार्डनर वाढवायचा, वैशाखात कमी करायचा, नाहीतर बॉक्स भरायच्या आतच वाळू घट्ट. त्यांच्या अंदाजात एवढी चूक झाली असती तर एकही साचा उभा राहिला नसता. मग आमचं गणित टिकतं कसं? कारण तीच रीत सगळ्या धातूंना लावली की चूक साधारण एकाच बाजूला झुकते. आकडा चुकतो, क्रम बहुधा टिकतो. तांब्यापेक्षा हा बरा, तो वाईट, हे सांगता येतं. दररोज किती टन माल निघेल हे सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडं मी संशयानं बघते.

शिवाय संगणकातलं तांबं स्वच्छ आणि सपाट असतं. खऱ्या उत्प्रेरकावर कण असतात, कडा असतात, फुरफुरालचीच राळ होऊन साचते. जुन्या रीतींत कडं आणि पृष्ठभाग यांच्यातलं दुरून असणारं मंद आकर्षण धरलंच जात नव्हतं. ते धरल्यावर आडवा रेणूही पूर्वी वाटला तेवढा दुबळा नाही असं दिसतं. उभा की आडवा याचा निकाल त्यामुळं पृष्ठभागावर गर्दी किती आहे यावरही ठरतो.

आता यंत्रं शिकू लागली आहेत. २०२० साली फेसबुकच्या संशोधन विभागानं कार्नेगी मेलन विद्यापीठाबरोबर ओपन कॅटॅलिस्ट प्रकल्प सुरू केला आणि पृष्ठभागांवरच्या रेणूंची सुमारे १३ लाख गणितं, आतली एकेक पायरी मोजली तर २६ कोटींवर, सगळ्यांसाठी खुली केली. त्यावर शिकवलेलं प्रारूप आमचं कित्येक तासांचं काम काही सेकंदांत करतं. अणू दुप्पट केले की नेहमीच्या डीएफटीचा खर्च आठपट होतो, त्यामुळं हा वेग आमच्यासारख्यांना फार मोलाचा. पण त्या संचातले रेणू बहुतेक एक-दोन कार्बनांचे छोटे आहेत. पाच कार्बनांचा, कडं असलेला आमचा फुरफुराल त्यात नाही. जगाला ज्या रेणूंची घाई होती ते आधी मोजले गेले, आणि चोथ्यातल्या रेणूची घाई आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला असणार? डीएफटीची क्वांटम एस्प्रेसोसारखी प्रणाली फुकट मिळते. हे काम इथं बसून होण्यासारखं आहे, म्हणून मी ते इथं बसून करते.

अलीकडं एका साखर कारखान्यातल्या केमिस्टशी बोलणं झालं. मी पॅलेडियम, जस्त, कणांचे आकार असं बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, चोथा तुम्ही गंधकाच्या आम्लात शिजवणार ना? मग त्यातला गंधक थोडा तरी पुढं येणारच. तुमचं तांबं किती दिवस टिकंल?" प्रश्न अगदी वर्मावरचा होता. तांब्याला गंधक फार लवकर बाधतो. तो पृष्ठभागावर बसला की उठत नाही, आणि फुरफुरालला जागा उरत नाही. मिथेनॉल बनवण्याच्या उत्प्रेरकात तांब्याशेजारी झिंक ऑक्साइड असतं, आणि इतर कामांबरोबर ते गंधकही स्वतःकडं ओढून घेतं. क्रोमियम काढून त्या जागी झिंक ऑक्साइड आणलं तर कणांना वेगळं ठेवणं आणि गंधक अडवणं ही दोन्ही कामं ते करेल का? त्या विद्यार्थिनीनं आता तांब्याच्या लादीच्या कडेला झिंक ऑक्साइडची पट्टी जोडली आहे आणि गंधकाचा एक अणू आधी तांब्यावर, मग पट्टीवर ठेवून दोन्ही ऊर्जा काढायला घेतल्या आहेत. त्या केमिस्टना आम्ही त्यांच्या चोथ्याचा नमुनाही मागितला आहे. त्यातून निघणाऱ्या फुरफुरालमध्ये गंधक नेमका कुठल्या रूपात येतो, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पडद्यावर कुठला रेणू ठेवायचा तेच ठरणार नाही.